पोटात कालवतं, ते नेमकं कुठे?

या महिन्याचा विषय दिला होता सहवेदना. दुसऱ्याला लागलं की आपल्याला का दुखतं, आणि हे फक्त माणसालाच होतं की माकडांनाही होतं. पत्रं खूप आली आणि काही वाचताना मला मधेच थांबावं लागलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सात निवडलीत, नावं कुणाचीच छापत नाहीये. जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे उत्तर लांबलंय.

प्रश्न : मुलीचा गुडघा फुटला की माझ्याच गुडघ्यातून कळ जाते. टीव्हीवर कुणाला इंजेक्शन देताना दाखवलं तरी पोटात कालवतं. नवरा म्हणतो तू फार हळवी, बायकांची जातच तशी, मन घट्ट कर. हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत का, की शरीरात खरंच काही होतं?

होतं ताई, अगदी खरंखुरं होतं. आणि आपल्या भाषेला ते आधीपासून माहीत आहे बघा. दुसऱ्याचं दुःख बघून आपण "डोक्यात विचार आला" असं नाही म्हणत, पोटात कालवलं म्हणतो, आतडं तुटलं म्हणतो, घशात आवंढा आला, काळजात चर्र झालं. सगळं पोट, छाती, घसा. आता मेंदूत कानाच्या वरच्या बाजूला आत घडीमध्ये दडलेला एक भाग आहे, इन्सुला म्हणतात त्याला, आणि त्याचं एक मोठं काम म्हणजे शरीराच्या आतली खबर ठेवणं, पोट ढवळतंय का, छाती धडधडतेय का, श्वास कोंडलाय का. दुसऱ्याची वेदना बघताना मेंदूतले जे भाग हमखास जागे होतात त्यात याचाच पुढचा भाग असतो, आणि जोडीला सिंग्युलेट कॉर्टेक्स नावाची मधली पट्टी. म्हणजे पोटात कालवलं म्हणणाऱ्या आपल्या आज्यापणज्या बरोबरच बोलत होत्या.

यावरचा गाजलेला प्रयोग २००४ चा, लंडनमधला, टॅनिया सिंगर आणि सहकाऱ्यांचा. सोळा जोडपी घेतली. बाई मेंदूचं चित्र टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये, तिचा जोडीदार शेजारी बसलेला, दोघांच्याही हाताच्या मागच्या बाजूला एक इलेक्ट्रोड लावलेला. कधी तिला चटका, कधी त्याला, आणि कुणाला बसणार आहे ते तिला एका खुणेवरून कळायचं, त्याचा चेहरा दिसत नव्हता. स्वतःला चटका बसला की तिच्या मेंदूत दोन गोष्टी व्हायच्या, एक म्हणजे "कुठे आणि किती लागलं" याची नोंद, आणि दुसरी म्हणजे "बाप रे, वाईट वाटतंय" ही. त्याला बसला की पहिली नोंद नाही, पण दुसरी जशीच्या तशी, तोच पुढचा इन्सुला, तीच पट्टी. दुखण्यातला जो जिवाला लागणारा भाग असतो तेवढा आपण वाटून घेतो असं म्हणा ना.

मग गुडघ्यातून कळ कशी जाते? तर समोर जखम डोळ्याने दिसत असेल तर शरीरही भाग घेतं. २००५ साली रोममध्ये लोकांना एका हाताच्या स्नायूत सुई खोल जाताना दाखवली आणि बघणाऱ्याच्या हातातला नेमका तोच स्नायू मोजला, तर त्याला मेंदूकडून जाणारा इशारा तेवढ्यापुरता मंदावला होता, जणू सुई त्याच्याच हातात चाललीय. तीच सुई टोमॅटोत घातली तर काही नाही.

आणि "हे नुसतं स्कॅनरमधलं चित्र आहे" असं कुणी म्हणालं तर २०१५ चा व्हिएन्नाचा प्रयोग सांगा. तिथे शंभरहून जास्त लोक होते, त्यातल्या काहींना वेदनाशामक म्हणून नुसती खोटी गोळी दिली. त्या विश्वासानेच त्यांचं स्वतःचं दुखणं कमी झालं, आणि त्याचबरोबर दुसऱ्याला चटका बसताना बघून होणारा त्रासही कमी झाला. पुढे ज्यांना शरीरातलं नैसर्गिक अफूसारखं द्रव्य अडवणारं औषध दिलं त्यांचे दोन्ही परिणाम पुसले गेले. स्वतःचं दुखणं आणि दुसऱ्याचं बघून दुखणं एकाच यंत्रणेवर चालतं याचा मला हा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो.

बायकांच्या जातीबद्दल म्हणाल तर प्रश्नावली भरून घेतली की बायकांचे गुण सरासरी जास्त येतात हे खरंय. पण २०१८ साली ४६,००० हून जास्त लोकांची जनुकं तपासली तेव्हा माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण एक दशांश भाग जनुकांमुळे आहे असं दिसलं, आणि सहवेदनेशी जोडलेल्या जनुकांमध्ये स्त्री-पुरुष असा फरक काही सापडला नाही. बाकी सगळं हार्मोन, वाढवणूक, मुलीला लहानपणापासून काय सांगितलं आणि मुलाला काय सांगितलं यातून येत असणार. तेव्हा नवऱ्याला सांगा की हे हळवेपण नाही, शाबूत यंत्रणा आहे.

प्रश्न : आमच्या सरांनी सांगितलं की मेंदूत मिरर न्यूरॉन असतात आणि सहवेदना म्हणजे तेच. एवढं सोपं आहे का?

नाही, एवढं सोपं नाही, पण तुझ्या सरांनी सांगितलं ते पूर्ण चूकही नाही. इटलीत पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलाती यांची टीम मकाक माकडांच्या मेंदूतल्या हात हलवण्याच्या भागातल्या एकेका पेशीची नोंद घेत होती. माकडाने वस्तू उचलली की एक पेशी तडतडायची, हे अपेक्षितच होतं. पण समोरच्या माणसाने वस्तू उचलली आणि माकड नुसतं बघत बसलंय, तरी तीच पेशी तडतडली. १९९२ साली हे छापून आलं, मिरर न्यूरॉन हे नाव १९९६ मध्ये रूढ झालं. माणसातही २०१० साली फिट्सच्या २१ पेशंटच्या मेंदूत उपचारासाठी घातलेल्या तारांमधून अशा पेशी सापडल्या.

पण नीट बघ, हे सगळं हालचालींबद्दल आहे. हात उचलणं, पकडणं. समोरच्याने हात उचलला हे माझ्या हाताला कळणं वेगळं आणि समोरच्याचा जीव कासावीस झालाय हे कळणं वेगळं. पहिल्यातून दुसऱ्याला मदत होत असेल, एकमेकांचे चेहरे आपण नकळत उचलतो तेव्हा होतच असेल, पण आरशातल्या पेशी म्हणजेच करुणा हे समीकरण पेपरांनी आणि भाषणं देणाऱ्यांनी ताणलेलं आहे. परीक्षेत लिहिताना "एक भाग असू शकतो" असं लिही.

प्रश्न : माझा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. परवा मी रडत होते (कारण वेगळं, ते जाऊ दे), तर तो थबकून बघत राहिला, त्याचाही चेहरा रडवेला झाला, आणि मग जाऊन त्याने स्वतःचं फाटकं दुपटं आणून माझ्या मांडीवर ठेवलं, जे तो झोपताना कुणालाही हात लावू देत नाही. या वयात त्याला कळतं का?

हे पत्र मी तीनदा वाचलं. कळतं, पण अर्धं कळतं, आणि ते अर्धं नेमकं कुठलं हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात होते ती जन्मापासूनच. जेमतेम एका दिवसाची बाळं शांत पडलेली असताना त्यांना दुसऱ्या नवजात बाळाच्या रडण्याची टेप ऐकवली तर ती रडायला लागतात. त्यांना त्यांच्या स्वतःच्याच रडण्याची टेप ऐकवली तर नाही रडत! १९८२ साली केलेल्या या प्रयोगात चिंपांझीच्या पिल्लाचं रडणंसुद्धा ऐकवलं होतं, त्यानेही बाळं रडली नाहीत. म्हणजे एक दिवसाच्या जिवालाही आपल्यासारख्याच दुसऱ्याचं रडणं वेगळं ऐकू येतं. पण त्या वयात ते बाळ दुसऱ्यासाठी नाही रडत, दुसऱ्याचं रडणं त्याच्यात शिरतं आणि मग ते स्वतःसाठी रडतं, बिचाऱ्याला हे दुःख माझं की तुझं हे माहीतच नसतं.

मग हळूहळू भिंत उभी राहते. मूल साधारण दीड ते दोन वर्षांचं झालं की नाकावर रंगाचा ठिपका लावून आरशासमोर धरल्यावर आरशाला हात न लावता स्वतःच्या नाकाला हात लावतं, म्हणजे हा मी, हे त्याला कळायला लागतं. आणि ज्या सुमाराला "हा मी" कळतं त्याच सुमाराला "ही तू, आणि रडतेयस ती तू" हेही कळायला लागतं, मग मुलं नुसती रडवेली न होता जवळ येतात, थोपटतात, काहीतरी आणून देतात. तुमचा मुलगा बरोबर त्या उंबऱ्यावर आहे. आईला काहीतरी द्यायला हवं इथपर्यंत तो पोचलाय, पण काय द्यायचं हे ठरवताना त्याच्याकडे एकच माप आहे, स्वतःचं. मला दुपट्याने बरं वाटतं, म्हणून दुपटं. अजून काही महिन्यांनी तो दुपटं न आणता तुमचा चष्मा किंवा फोन आणून देईल बघा. ते दुपटं त्याने परत मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : मी ३२ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. प्राण्यांना माणसाच्या भावना चिकटवू नका हे मी मुलांना कायम सांगत आलो. आता रोज कुठला ना कुठला व्हिडिओ येतो, माकडाने अमुकला वाचवलं, तमुकला मिठी मारली. यात शास्त्र किती आणि हळहळ किती?

सर, तुमची शंका रास्त आहे आणि या क्षेत्रातल्या चांगल्या लोकांनी ती कायम जवळ बाळगलीय. सगळ्यात प्रसिद्ध घटना घ्या, १९९६ चा ऑगस्ट, शिकागोजवळचं ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालय, तीन वर्षांचा मुलगा गोरिलांच्या खंदकात पडला, आणि बिंती जुआ नावाच्या मादीने, पाठीवर स्वतःचं पिल्लू असताना, त्याला उचलून कुशीत घेतलं आणि रखवालदार जिथून येतात त्या दारापाशी नेऊन ठेवलं. जगभर बातमी झाली. पण बिंतीला माणसांनी वाढवलं होतं आणि पिल्लू कसं सांभाळायचं याचं शिक्षण तिला बाहुली देऊन दिलेलं होतं. त्यामुळे ही घटना कितीही हृद्य असली तरी एकट्या तिच्यावरून काही सिद्ध करता येत नाही.

सिद्ध कशावरून होतं तर कंटाळवाण्या मोजणीवरून. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक फ्रान्स डी वाल (२०२४ मध्ये ते गेले) नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात चिंपांझींची भांडणं टिपत बसायचे, आणि त्यांच्या लक्षात आलं की भांडण संपल्यावर भांडणाशी संबंध नसलेला तिसराच कुणीतरी हरलेल्याकडे येतो, खांद्यावर हात टाकतो, तोंडाला तोंड लावतो. १९७९ साली त्यांनी हे सहकाऱ्याबरोबर लिहिलं आणि याला सांत्वन असं नाव दिलं. पुढे पद्धत अशी बसली की भांडणानंतर काही मिनिटं त्या प्राण्याकडे डोळा ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला, भांडण नसताना, त्याच प्राण्याकडे तितकाच वेळ. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कळतं, जवळ येणं हे नेहमीचंच आहे की दुःखाला दिलेलं उत्तर आहे. २००८ साली इंग्लंडमधल्या चेस्टरच्या चिंपांझींवर आणखी एक गोष्ट मोजली. चिंपांझी अस्वस्थ झाला की स्वतःला खाजवत सुटतो. सांत्वन मिळालेल्यांचं खाजवणं नेहमीच्या पातळीवर आलं. म्हणजे मिठी मारणाऱ्याला काय वाटलं हे आपण सोडून देऊ, ज्याला मिठी मिळाली त्याला बरं वाटलं हे मोजता येतं.

आता मकाकांकडे या, म्हणजे शेपटीवाल्या माकडांकडे, कारण खरी मेख तिथे आहे. १९६४ साली ज्यूल्स मॅसरमन यांनी ऱ्हीसस माकडांना अशी साखळी दिली की ओढली की खाऊ मिळणार, पण काचेपलीकडच्या दुसऱ्या माकडाला शॉक बसणार. बहुतेकांनी ती साखळी टाळली, आणि एका माकडाने तर बारा दिवस काहीच ओढलं नाही, दुसऱ्या एकाने पाच दिवस. उपाशी राहिले हो. (असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही आणि देऊही नये.) म्हणजे दुसऱ्याचं दुखणं त्यांना लागतं यात शंकाच नाही. पण त्याच जातीची आई, तिचं पिल्लू मार खाऊन ओरडत आलं तरी त्याला मुद्दाम जवळ घेऊन शांत करते असं मोजणीत दिसत नाही. पिल्लं ओरडणाऱ्या पिल्लाभोवती गोळा होतात, एकावर एक पडतात, पण ते सांत्वन वाटत नाही, बिथरलेला घोळकाच वाटतो तो. आपल्याला लागतंय ते दुसऱ्याचं आहे हे कळण्याची पायरी तिथे बहुधा नाही. आणि आरशातला ठिपका ओळखण्यात चिंपांझी पास होतात, मकाक एरवी होत नाहीत, तो वरच्या सव्वा वर्षाच्या मुलाचाच उंबरा आहे.

ही रेघ अगदी पक्की नाही हेही सांगायला हवं. प्रेअरी व्होल म्हणून उंदरासारखा एक छोटा प्राणी आहे, जोडीने राहणारा, त्याला आरसाबिरसा काही कळत नाही, पण जोडीदाराला शॉक बसून तो घाबरून परत आला की हा त्याला चाटून चाटून शांत करतो. २०१६ साली त्याच्या मेंदूत त्या सिंग्युलेट पट्टीतच ऑक्सिटोसिन अडवलं तर हे चाटणं बंद पडलं. ऑक्सिटोसिन म्हणजे बाळंतपणात, दूध पाजताना सुटणारं तेच द्रव्य. पिल्लाची भूक, थंडी, भीती ज्या आईला तिच्या शरीरात जाणवली तिची पिल्लं जगली, आणि सहवेदनेची मुळं या आईपणात आहेत असं बरेच अभ्यासक मानतात. आपण "आतड्याची माया" म्हणतो ती हीच.

आणि एक जुनी नोंद तुमच्यासाठी मुद्दाम, कारण निरीक्षण कसं करावं याचा तो नमुना आहे. मॉस्कोत नादेझ्दा लादिगिना-कोहत्स यांनी १९१३ ते १९१६ या काळात जोनी नावाचं चिंपांझीचं पिल्लू घरात वाढवलं. ते छपरावर जाऊन बसायचं आणि काही केल्या खाली यायचं नाही, हाका मारा, रागवा, खाऊ दाखवा. मग त्या डोळे मिटून रडण्याचं सोंग करायच्या. जोनी असेल तिथून, खेळ टाकून, धावत यायचा. आधी त्यांच्याभोवती फिरून इकडेतिकडे बघायचा, कुणी रडवलं ते शोधत असल्यासारखा, मग त्यांची हनुवटी हळूच तळहातात धरायचा, बोटाने चेहरा चाचपायचा. खाऊने जे झालं नाही ते रडण्याने झालं. मुलांना सांगायला हे वाईट नाही, नाही का?

अजून दोन उदाहरणं बोनोबोंची, म्हणजे चिंपांझींच्या जवळच्या नात्यातल्या वानरांची, सांगून थांबते. इंग्लंडच्या ट्वायक्रॉस प्राणिसंग्रहालयात कुनी नावाच्या मादीला काचेवर आपटून बधिर झालेली साळुंकीच्या जातीचं एक पाखरू सापडलं. कुनी त्याला घेऊन सगळ्यात उंच झाडाच्या शेंड्यावर चढली, हात मोकळे राहावेत म्हणून पायांनी खोड धरलं, आणि एकेका हातात एकेक पंख धरून ते पसरवले आणि पाखराला हवेत सोडलं. पाखरू खंदकाच्या काठापाशीच पडलं, तर कुनी बराच वेळ त्याची राखण करत बसली, आणि संध्याकाळपर्यंत ते उडून गेलं. दुसऱ्या बोनोबोसाठी पंख पसरून काय करायचं होतं? ही मदत पाखराच्या मापाची होती, स्वतःच्या नाही. एकच घटना आहे, त्यामुळे तुमचा इशारा इथेही लागू, मान्य.

दुसरं उदाहरण मोजलेलं आहे. काँगोमध्ये किन्शासाजवळ "लोला या बोनोबो" नावाचं आश्रयस्थान आहे, शिकारीत आया मारल्या गेलेली पिल्लं तिथे वाढवतात. २०१३ च्या अभ्यासात तिथल्या अनाथ पिल्लांची तुलना आईजवळ वाढलेल्या पिल्लांशी केली. आईवाली पिल्लं स्वतः पडली, मार खाल्ला, तर लवकर सावरायची, अनाथ पिल्लं ओरडत राहायची. आणि जी लवकर सावरायची तीच दुसऱ्याला जाऊन जास्त जवळ घ्यायची. स्वतःचं दुःख ज्याला आवरता येतं त्याचेच हात दुसऱ्यासाठी मोकळे राहतात, माणसाच्या मुलांतही साधारण असंच दिसतं.

प्रश्न : जवळच्या माणसाला ताप आला तर झोप लागत नाही, आणि लांब कुठे हजारो माणसं गेल्याची बातमी वाचून मी पान उलटतो. मी दगड आहे का?

नाही. ही यंत्रणाच जवळून लांब अशी विरत जाते. जांभईचंच घ्या, घरच्यांची जांभई आपल्याला लगेच लागते, मित्राची त्याहून कमी, अनोळखी माणसाची सगळ्यात कमी, हे २०११ साली मोजलं गेलंय, आणि चिंपांझींनाही आपल्या टोळीतल्यांची जांभई परक्यांपेक्षा जास्त लागते. जांभई म्हणजे सहवेदना नव्हे, पण उतरण तीच. फुटबॉलच्या चाहत्यांवर २०१० साली केलेला प्रयोग जास्त बोचरा आहे. आपल्या टीमच्या चाहत्याला चटका बसताना बघून ज्यांचा इन्सुला जास्त जागा झाला त्यांनी त्याचा अर्धा चटका स्वतःवर घेतला. विरुद्ध टीमच्या माणसाला बसला तेव्हा काहींच्या मेंदूत बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा भाग जागा झाला, आणि त्यांनी मदत केली नाही.

पण "आपलं" कोण हे रक्तात लिहिलेलं नसतं, आणि हे मला उंदरांनी शिकवलं. २०११ साली शिकागोत असं दिसलं की नळीत अडकलेल्या सोबत्याला ३० पैकी २३ उंदीर दार उघडून सोडवतात, शेजारी चॉकलेट ठेवलं तर तेही सोबत्याला ठेवतात. पुढे २०१४ साली त्याच गटाने बघितलं, पांढरे उंदीर पांढऱ्या परक्यांना सोडवतात, काळ्या-पांढऱ्या जातीच्या परक्यांना नाही. मग पांढऱ्या उंदराला दोन आठवडे एका काळ्या-पांढऱ्या उंदराबरोबर ठेवलं, तर तो त्या जातीच्या कुठल्याही अनोळखी उंदराला सोडवायला लागला. आणि जन्मापासून दुसऱ्याच जातीत वाढवलेला पांढरा उंदीर स्वतःच्या जातीच्या परक्याला सोडवतच नव्हता! तर तुम्ही दगड नाही, तुमची त्या लांबच्या माणसांशी ओळख नाही. पान उलटण्याआधी त्यातल्या एका माणसाची गोष्ट पूर्ण वाचून बघा, हजारोंची नको, एकाची.

प्रश्न : मी नऊ वर्षं कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. आधी प्रत्येक पेशंटबरोबर रडायचे, आता काही वाटत नाही, आणि घरी आल्यावर मात्र कारण नसताना रडू येतं. माझ्यातली माया संपली का?

सिस्टर, आधी एक सांगते, कारण नसताना रडू येणं आठवड्यांमागून आठवडे चालू असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर कृपा करून डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, हा कॉलम त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता तुमचा प्रश्न. काही न वाटणं हे कधी कधी कामाचं शिकलेलं संरक्षण असतं. २००७ साली तैवानमध्ये ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांना सुया टोचल्याचे व्हिडिओ दाखवले, तर इतर लोकांच्या मेंदूत वेदनेचे भाग जागे झाले तसे त्यांच्यात झाले नाहीत, त्याऐवजी भावना आवरणारे आणि दुसऱ्याच्या मनाचा विचार करणारे भाग कामाला लागले. नाहीतर सुई धरणारा हात थरथरेल ना. ते दगड झाले नव्हते.

पण तुम्ही लिहिलंय त्यात दुसरंही काहीतरी आहे. टॅनिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात लोकांना आधी शिकवलं की समोरच्याचं दुःख पूर्ण आत घ्या, त्याच्यासोबत दुखा. दुःखाचे व्हिडिओ बघताना त्यांचा इन्सुला पेटला आणि मन खचत गेलं. मग त्याच लोकांना दुसरं शिकवलं, समोरच्याबद्दल जिव्हाळा धरा, त्याचं बरं व्हावं असं मनापासून वाटू द्या, पण त्याचं दुखणं स्वतः दुखू नका. व्हिडिओ तसेच दुःखाचे, पण या वेळी मेंदूत माया आणि समाधानाशी जोडलेले वेगळे भाग जागे झाले, आणि खचलेलं मन वर आलं. सोबत दुखणं आणि जवळ असणं या दोन वेगळ्या वाटा आहेत मेंदूत. नऊ वर्षं तुम्ही पहिल्या वाटेने चाललात, ती वाट माणसाला थकवतेच. दुसरी शिकता येते, त्या लोकांनी काही दिवसांच्या सरावात शिकली. वॉर्डात खाटेपाशी जाताना "याला किती दुखतंय" याऐवजी "याला आत्ता काय दिलं तर बरं वाटेल" एवढंच मनात धरून बघा, उशी, पाणी, दोन मिनिटं हात हातात. आणि शक्य असेल तर काही महिने दुसऱ्या वॉर्डात बदली मागा, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. त्याची आजी घरात घसरून पडली. सगळे धावलो, हा कानांवर हात ठेवून दुसऱ्या खोलीत गेला आणि दार लावून बसला. नातेवाईक म्हणाले याला मायाच नाही. रात्री उठलो तर हा अंधारात आजीच्या चपला हातात घेऊन तळव्यावरून बोट फिरवत होता. सकाळी त्या चपला सापडेनात, त्याने लपवून ठेवल्यात. त्याला काय वाटलं असेल?

दादा, त्याच्या मनात नेमकं काय होतं हे मी इथून सांगू शकत नाही, पण नातेवाईक चुकतायत हे ठामपणे सांगू शकते.

सहवेदनेचे दोन भाग आहेत. एक म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्यावरून, बोलण्यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, आणि दुसरा म्हणजे त्याचं दुःख आपल्याला लागणं. ऑटिस्टिक माणसांना पहिल्यात अडचण येते, दुसरा भाग बहुतेकदा शाबूत असतो, कधी कधी तर इतका तीव्र की सोसत नाही. उलट काही अट्टल गुन्हेगार असतात ना, सायकोपाथ म्हणतात ते, त्यांना समोरच्याच्या मनातलं चांगलं कळतं, पण त्यांना ते आपोआप लागत नाही. २०१३ साली अशा माणसांना स्कॅनरमध्ये वेदनेचे व्हिडिओ दाखवले तर मेंदू थंड होता, आणि "आता समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा" असं सांगितल्यावर तो बऱ्यापैकी इतरांसारखा जागा झाला. तुमच्या मुलाची आणि त्यांची गोष्ट पूर्ण उलटी आहे, आणि दोन्हींना "माया नाही" हे एकच लेबल लावलं जातं याचा मला राग येतो.

२०१० साली सिंगर यांच्याच त्या जोडीदाराच्या चटक्यासारखा प्रयोग ऑटिस्टिक प्रौढांवर केला गेला. त्यात दिसलं की इन्सुला किती जागा होतो हे ऑटिझमवर नाही, तर स्वतःच्या भावना स्वतःला ओळखता आणि सांगता येतात का यावर ठरतं. बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना ही अडचण असते, सगळ्यांना नाही, आणि ऑटिस्टिक नसलेल्याही अनेकांना असते. मग डेमियन मिल्टन यांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ साली विचारलं की न कळणं एकाच बाजूने आहे का? आम्हाला तुमचे चेहरे कळत नाहीत, तसे तुम्हालाही आमचे कळत नाहीत. २०२० मध्ये एकाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला सांगायची असा प्रयोग झाला, तर नुसत्या ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली, मिसळलेल्या साखळीत गळाली.

आता तुमचं पत्र परत वाचा. कानांवर हात, बंद दार. आजीचं ओरडणं, सगळ्यांचा गलका, हे त्याला इतकं लागलं असणार की पळण्याशिवाय इलाज नव्हता, असं मला वाटतं. आणि मग गलका शांत झाल्यावर, स्वतः सावरल्यावर, तो कामाला लागला. बाकी सगळे आजीच्या पाठीवरून हात फिरवत होते तेव्हा आजी पडली कशामुळे हे शोधायला कुणी उठलं होतं का? त्याने तळवे तपासले, गुळगुळीत झालेले असणार, आणि त्या चपला पुन्हा आजीच्या पायात जाणार नाहीत याची सोय केली. वर कुनीचं सांगितलं ना, पंख पसरून पाखराला सोडणारी, मला हे वाचून तीच आठवली, मदत समोरच्याच्या मापाची.

त्याला "तुला वाईट वाटलं का" असं विचारू नका, तो शब्द त्याला सापडणार नाही कदाचित. चपलांबद्दल विचारा, तळवा कसा होता ते विचारा, त्यावर तो बोलेल. त्या परत मागू नका. आजीसाठी न घसरणाऱ्या नवीन घ्यायच्या असतील तर त्यालाच बरोबर न्या आणि तळवे त्यालाच बघू द्या, आणि घरी आल्यावर आजीला सांगा की या कुणी निवडल्या.